सुटलेला पापुद्रा

१. तरंगतोय

पापुद्रा तरंगत होता.

त्यानं तरंगायला नको होतं. डॉक्टर मागतील तोवर त्यानं तळाला गच्च चिकटून राहायचं होतं. पण तळहातात मावणाऱ्या त्या पारदर्शक डबीत, फिकट गुलाबी खाद्यद्रवावर, दुधावरच्या सायीसारखा तो गोल तुकडा मोकळा फिरत होता. कडा आत वळल्या होत्या.

"सहीबाई, बघा," वन्सं म्हणाली. डबी तिच्या हातात होती आणि हात जराही हलत नव्हता.

"कधी सुटला?"

"मला काय माहीत? आत्ता उबेचं कपाट उघडलं तर हे असं."

वन्संनं मला मारलेली हाक ऐकून मागून वहिनीही धावत आली. तिनं डबी बघितली आणि थेट वन्संकडे वळली. "काय केलंत तुम्ही?"

"मी? मांडव कोणाचा आहे, वहिनी?"

एवढं पुरलं. मजला गोळा झाला.

मी सहीबाई. आमच्या संस्थेतून जे काही माणसाच्या अंगात जाणार असेल त्यावर माझी सही लागते. सही नाही दिली की ते भट्टीत जातं. माझं खरं नाव लोक विसरलेत. वन्संला वन्सं म्हणतात, कारण वहिनी तिला तशी हाक मारते. आधी चेष्टेत मारायची, मग सवय झाली, आता डॉक्टरसुद्धा वन्संच म्हणतात. वहिनीला सगळे वहिनी म्हणतात, कारण वन्सं म्हणते. नणंद-भावजय एकाच मजल्यावर. नणंद माणसाच्या मूळपेशी वाढवते, भावजय त्या पेशींना वाढायला आधार बनवते. वेलीला लागतो तसा आधार, म्हणून आमच्याकडे त्याचं नाव मांडव. वहिनीचा मांडव पूर्ण कृत्रिम. ना प्राण्याचा अंश, ना माणसाचा. नुसती रसायनं, डोळ्यांना न दिसणाऱ्या धाग्यांत विणलेली.

आणि दोघींच्या मधे एक माणूस. वन्संचा दादा, वहिनीचा नवरा.

दादा क्रेन चालवायचा. बांधकामावर चुन्याचा लगदा डाव्या डोळ्यात उडाला आणि बुबुळावरचा पारदर्शक पडदा गढूळ झाला. तो पडदा आपल्या अंगात सतत नवा होत असतो. नवा करणाऱ्या मूळपेशी बुबुळाच्या कडेला वस्तीला असतात. दादाच्या त्याच जळाल्या. मग उजव्या, चांगल्या डोळ्याच्या कडेतून कणीएवढा तुकडा घेतला आणि त्यातल्या पेशी मांडवावर वाढवून हा पापुद्रा तयार झाला. एका डोळ्यानं अंतर नीट कळत नाही, आणि अंतर कळत नाही त्याला कोणी क्रेनवर चढू देत नाही. चांगल्या डोळ्याला पुन्हा हात लावायला दादानं साफ नकार दिला होता. म्हणजे हा पापुद्रा गेला की डोळा गेला आणि क्रेनही गेली.

डॉक्टर खालून आले. शस्त्रक्रियेची टोपी डोक्यावर तशीच.

"मांडव सोडतो कशानं?" त्यांनी विचारलं.

"गारव्यानं," वहिनी म्हणाली. "तोच त्याचा गुण. अंगाच्या उबेत पेशींना धरून ठेवतो, गार झाला की फुगतो आणि अख्खा पापुद्रा एकसंध सोडतो. कात्री नको, औषध नको. पण तो आज तुमच्यासमोर गार करायचा होता."

"मग आधीच गार झाला असेल."

"कसा? कपाटाची ऊब उतरली तर घंटा वाजते. वाजली नाही. आणि हा नवा मांडव आहे, खोलीच्या हवेत जरा वेळ राहिला तरी सोडत नाही."

वन्सं नाकातल्या नाकात हसली.

"म्हणजे कोणीतरी डबीत काही टाकलं?" डॉक्टर म्हणाले.

यावर कोणी हसलं नाही.

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "सहीबाई, नुसत्या गारव्यानं सुटला असेल तर तो जिवंत आहे, मी आज बसवतो. काही पडलं असेल तर मी ते माणसाच्या डोळ्यात घालणार नाही. आक्रसत चाललाय तो, उद्यापर्यंत टिकायचा नाही. मला कारण आणा. दुपारच्या आत आणा."

२. फक्त उत्तरं

(वन्सं, पेशींच्या खोलीबाहेरच्या बाकावर. प्रश्न गाळले आहेत. उत्तरांतून ऐकू येतात.)

"हो, कपाट मीच उघडते. किल्ली माझ्याकडे आणि वारवाल्यांकडे; ते जुन्या पद्धतीनं वारेवर पेशी वाढवतात, कपाट त्यांनाही लागतं. वहिनीकडे नाही. कशाला हवी? मांडव करून दिला की तिचं काम झालं."

"नाही, भांडण नाही. मतभेद."

"बरं, भांडण. बैठकीत मी म्हणाले, नवा मांडव भित्रा आहे, जरा गारवा लागला की सोडून देईल. तर ही सगळ्यांसमोर म्हणते, 'वन्सं, तुम्ही पेशींचं बघा, मांडवाचं माझ्यावर सोडा.' सगळे हसले. तुम्हीही हसलात."

"कोणी काही सांगितलं का म्हणजे? नाही. सकाळपासून माझ्याशी कोणी बोललेलंच नाही."

"वारवाले? ते काय करणार. त्यांना फक्त उसासे टाकता येतात."

"लोक म्हणणार, बायकोनं नवऱ्याचा डोळा परत आणला. कसा आणला हो? त्या पेशींना खायला कोणी घातलं? सुट्टीच्या दिवशी कोण येत होतं? ती मांडव घालून घरी जायची."

"लहानपणी दादाच्या पायात काटा गेला की तो माझ्याकडे यायचा. मी धाकटी, तरी. आईकडेसुद्धा नाही. आता बूट चावला तर तिला सांगतो. भाऊ एकदम जात नाही, सहीबाई. आधी त्याचे कपडे जातात, मग त्याच्या तक्रारी जातात. मग एक दिवस तुम्ही केलेल्या विनोदावर तो तिच्याकडे बघून हसतो."

हे शेवटचं ज्याचं उत्तर होतं, तो प्रश्न मी विचारलाच नव्हता.

३. मिश्रण

वहिनीची रसायनखोली अंगणापलीकडे. ती काचेची भांडी धूत होती, आणि ती ज्या पद्धतीनं धूत होती ते बघून भांड्यांची काळजी वाटत होती.

"मांडव बिघडला असेल का, वहिनी?"

"मांडव बिघडत नाही. बिघडतात त्या."

"कोण त्या?"

"पेशी. आणि बाकीच्याही." तिनं एक चंबू उलटा घातला. "तुम्हाला वन्संनी सांगितलं असेल, मी मांडव घालून घरी जाते."

"शब्दाला शब्द."

"वाटलंच. अहो, वेल सगळ्यांना दिसते. मांडव पानांखाली झाकला जातो. उद्या त्यांना दिसायला लागलं की सगळे म्हणणार, बहिणीनं भावाचा डोळा वाढवला. फुलं तिला आणि मला काय, 'वहिनी, चहा ठेवा.'"

"सकाळी कुठे होतीस?"

"त्यांना खालच्या खोलीत बसवलं आणि इथे आले. मिश्रण हलवत होते. मधे सोडलं की गोळा होतो, सगळं फुकट. वरून वन्संची हाक ऐकली तेव्हा सोडलं." तिनं टेबलाकडे बोट केलं. भांड्यात खरंच एक पांढरा गोळा बसला होता. "बघा. हाही गेला."

"वन्संनं काही केलं असेल असं वाटतं तुला?"

तिनं नळ बंद केला. "अपघातानंतर ते शुद्धीवर आले तेव्हा मी उशाशी होते. डोळे बांधलेले. त्यांनी हात चाचपला आणि नाव घेतलं. माझं नाही." तिनं ओले हात पुसले. "त्यांच्यासाठी त्या जीव देतील. माझा मात्र त्या जीव घेतील. तुम्हाला काय शोधायचं ते शोधा."

खोटं कशाला बोलू, मला हेवा वाटला. एवढं कडाडून भांडायला दोघींकडे एक माणूस होता. माझ्याकडे सही होती.

४. एका वाक्याचं प्रकरण

डबीच्या बुडाला बाहेरून पाण्याचे थेंब होते, आणि कपाटातल्या पोलादी फळीवर, ती जिथे ठेवलेली असायची तिथे, एक ओलं वर्तुळ होतं.

५. खालची खोली

बाकीच्या डब्यांची बुडं कोरडी होती. कपाटात ऊब असते आणि भरपूर दमट हवा असते. अशा हवेत एखादी गार वस्तू ठेवली की तिला घाम फुटतो. म्हणजे डबी बाहेर गेली होती, चांगली गार झाली होती आणि मग कोणीतरी ती गुपचूप परत ठेवली होती.

पण यानं अर्धंच काम झालं. बाहेर नेली, ते कळलं. बाहेर असताना तिच्यात काय टाकलं, ते कळलं नाही. किल्ल्या दोन. एक वन्संची. वन्सं भावाच्या डोळ्याला धक्का लावील हे मजल्यावर कोणाला सांगितलं असतं तर मला सुट्टीवर पाठवलं असतं. दुसरी वारवाल्यांची. त्यांच्याकडे जायच्या आधी मी खालच्या खोलीत गेले, दादा कसा आहे ते बघायला.

दादा लोखंडी खुर्चीत बसला होता, शर्ट अंगाला चिकटलेला. खोलीला एकच खिडकी आणि तीही रंगानं बसून गेलेली.

"कोण?" त्यानं विचारलं. डोळ्यांत औषध घातलं होतं, चांगल्या डोळ्यालाही सगळं धूसर दिसत होतं.

"सहीबाई."

"या. तुम्हाला एक विचारू? वर मला एखादा भाऊ आहे का?"

"म्हणजे?"

"घरी दोघी त्याच्याबद्दलच बोलतात. आज तो पसरला, आज त्यानं खाल्लं नाही, आज जरा मलूल वाटला. परवा मला ताप होता. दोघी दारात उभ्या राहून काय म्हणाल्या असतील? 'लांब झोपा, आम्हाला उद्या त्याच्याकडे जायचंय.' मी हसलो, पण सहीबाई, त्या डबीवर माझा डोळा आहे. तसा तो तिच्यात आहेच म्हणा."

मी हसले नाही. त्याच्या ते लक्षात आलं.

"एवढा घाम?" मी म्हणाले.

"गुदमरायला होतंय इथे. एकट्यानं उठू नका म्हणालेत, धडपडाल. सकाळी बायकोला फोन केला, घुसमटतंय म्हटलं. ती म्हणाली, मला मिश्रण सोडता येत नाही, पण वर निरोप ठेवते, वन्सं येतील आणि तुम्हाला व्हरांड्यात नेतील. तेव्हापासून वाट बघतोय. बहीण आलीच नाही." त्यानं मान वळवली. "असं ती कधी करत नाही. वर काय झालंय?"

"काही नाही."

"धूसर दिसत असलं तरी एवढं दिसतं मला."

मी त्याचा हात धरून त्याला व्हरांड्यात नेऊन बसवलं आणि जिना चढले. दोन-दोन पायऱ्या.

६. वारवाले

बाळंतपणानंतर आया वार दान करतात. त्या वारेवरच्या पातळ पडद्यावर पेशी वाढवायची जुनी पद्धत म्हणजे वारवाल्यांचं आयुष्य. मांडव आल्यापासून त्यांच्या खोलीत गर्दी नव्हती. टेबलं इतकी स्वच्छ होती की बघवत नव्हती.

"मला अपेक्षाच होती," ते म्हणाले. "मांडवाचं काही झालं की आधी माझं दार."

"तुम्हाला वाईट वाटलं का, पापुद्रा सुटला म्हणून?"

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "नाही. खाली बसलेल्या मुलासाठी वाटलं. मांडवासाठी नाही."

"सकाळी फोन आला होता. वहिनीचा, वरच्या मजल्यावर."

"आला ना. पेशींच्या खोलीत मोबाइल नेता येत नाही, म्हणून बोळातल्या फोनवर. मीच उचलला."

"आणि निरोप विसरलात."

"मी?" त्यांना खरंच लागलं. "मी निरोप विसरत नाही. तसाच उठलो, खोलीच्या दारात गेलो आणि वन्संच्या कानावर घातला. तिनं मान हलवली. विचारा तिला."

मी वन्संला विचारलं होतं. सकाळपासून तिच्याशी कोणी बोललेलंच नव्हतं.

"काय निरोप होता?"

"वहिनी म्हणाल्या, त्यांना बाहेर काढा."

"त्यांना म्हणजे कोणाला?"

वारवाल्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी आजच कामाला लागले आहे.

"पेशींना," ते म्हणाले. "आणखी कोणाला?"

७. वाक्याचा प्रवास

रसायनखोलीतून निघताना ते असं होतं: *वन्संना सांगा, त्यांना जरा बाहेर काढा, आत घुसमटतंय त्यांना.*

बोळात पोचेपर्यंत त्याची शेपूट गळाली. पेशींना कसलं घुसमटणं, वहिनींचं आपलं काहीतरी, असं मनाशी म्हणून वारवाल्यांनी ती गाळली होती. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं.

दारात उरलं एवढं: *वहिनी म्हणाल्या, त्यांना बाहेर काढा.*

आता हे बघा. वहिनी नवऱ्याला 'ते' म्हणते. पेशींना 'त्या' म्हणते. समोरासमोर घोटाळा व्हायचं कारण नाही. पण 'ना' लागला की ते आणि त्या दोघांचंही 'त्यांना' होतं. नवरा आणि पेशी एकाच शब्दात दाटीवाटीनं बसतात.

वहिनी बोलली नवऱ्याबद्दल. आमच्या मजल्यावर दिवसभर 'त्यांना खायला घाला, त्यांना हलवू नका' चाललेलं असतं, म्हणून वारवाल्यांनी ऐकल्या पेशी. आणि वन्सं? ती भावाला 'तो' म्हणते, 'त्याला' म्हणते. तिच्या कानात दादा आजवर कधीच 'त्यांना' झालेला नव्हता.

म्हणजे चूक. साधी, व्याकरणातली चूक. मी सुटकेचा श्वास घेतला.

अर्धाच घेतला. कारण चूक झालेला माणूस 'माझी चूक झाली' म्हणतो. वन्सं म्हणाली होती, सकाळपासून माझ्याशी कोणी बोललेलंच

८. नाही

"नाही, मी खोटं बोलले," वन्सं म्हणाली.

पेशींच्या खोलीत आम्ही पाच जण: ती, वहिनी, वारवाले, डॉक्टर आणि मी. डबी मधल्या टेबलावर. मी ओल्या वर्तुळाबद्दल सांगितलं. व्हरांड्यात बसलेल्या माणसाबद्दल सांगितलं, आणि 'त्यांना'बद्दलही. वहिनीचा हात तोंडावर गेला.

"मी तुमच्या दादाबद्दल बोलत होते," ती म्हणाली. "खालच्या खोलीत गुदमरत होते ते. मी पेशींचं नावसुद्धा घेतलं नव्हतं."

वन्सं खाली बसली. तिच्यासाठी हे नवं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"तू पेशी ऐकल्यास," मी म्हणाले. "ते मला पटतं. पण डबी बाहेर काढली की पापुद्रा सुटेल हे तुला माहीत होतं. बैठकीत तूच सांगितलं होतंस. मग का काढलीस?"

"तिनं सांगितलं म्हणून."

"वन्सं."

"तिनं सांगितलं म्हणूनच!" आवाज चढला. "मला वाटलं, मिरवतेय. बघा माझा मांडव, खोलीच्या हवेत ठेवा, ढिम्म हलत नाही. डॉक्टर यायच्या आधी मलाच दाखवायचं होतं तिला. म्हटलं, ठीक आहे. मांडवाचं तुझ्यावर सोडायचं ना? सोडलं. काढून ठेवली टेबलावर."

"एक फोन करायचा," वहिनी म्हणाली. अगदी हळू. "बोळात फोन होता, वन्सं. 'अगं वहिनी, वेडी झालीस का', एवढं म्हणायचं."

"केला असता तर तू सुधारून घेतलं असतंस. मला तू चुकायला हवी होतीस."

वहिनी दारापाशी जाऊन उभी राहिली.

"मला वाटलं, कड सुटेल," वन्सं पुढे म्हणाली. "थोडीशी कड. तेवढी सगळ्यांना दाखवायची, आणि मग त्या बैठकीतल्या प्रत्येकानं माझ्याकडे बघायचं. मी उभी राहून बघत होते. कड सुटली. मी म्हटलं, बघ. बघ, मीच बरोबर होते. मला इतका आनंद झाला, सहीबाई, की तो कशाचा पापुद्रा आहे हेच मी..." तिनं डबीकडे बघितलं. "मग सगळाच उचलला गेला. मी घाईघाईनं कपाटात ठेवला, म्हटलं उबेत परत धरेल. धरला नाही."

डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं. "म्हणजे नुसता गारवा."

"झाकण उघडलं होतंस?" मी विचारलं.

"नाही."

"डबीत काही गेलं?"

"काही नाही. हवासुद्धा नाही."

आणि इथे सगळं अडलं. सही माझी. पण जिनं सकाळपासून एकदा खोटं सांगितलं होतं, आणि का सांगितलं होतं ते आत्ताच कबूल केलं होतं, तिच्या 'नाही'वर मी एका माणसाच्या डोळ्यात ती गोष्ट घालू देऊ? वहिनीनं माझ्याकडे बघितलं. 'हो' म्हणा, असं ते बघणं होतं. ज्या बाईवर तिचा आत्ता काडीइतका विश्वास नव्हता, तिच्यावर मी ठेवावा अशी ती विनवणी करत होती.

"मला पुरत नाही," मी म्हणाले. "क्षमा करा. ती एकटी होती."

"एकटी नव्हती," वारवाले म्हणाले.

सगळे वळले.

ते काचेच्या दाराकडे बघत होते. "निरोप देऊन मी गेलो नाही. बाहेर थांबलो. तिनं डबी काढली तेव्हा मला कळलं होतं काय होणार. मलाही बघायचं होतं." त्यांनी चष्मा काढला आणि पुसत राहिले. "सुटेपर्यंत बघत होतो. तिनं झाकणाला बोट लावलं नाही. हात पाठीमागे बांधले होते तिनं. तशीच उभी होती."

"आणि तुम्ही हे आत्ता सांगताय?" डॉक्टर म्हणाले.

"कोणी काही टाकलं असं ठरलं असतं, तर पापुद्रा भट्टीत गेला असता आणि दोघींपैकी कोणी पुन्हा मांडवाचं नाव काढलं नसतं. लोक वारेकडे परत आले असते." त्यांनी चष्मा चढवला. "मी आत्तासुद्धा गप्प बसणार होतो. पण तो मुलगा खाली वाट बघतोय ना."

त्यांचा यात फक्त तोटा होता. म्हणून मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. आणि पापुद्रा स्वतःही साक्ष देत होता: अख्खा, एकसंध, कुठे भोक नाही, कुठे भुगा नाही. पेशी सोडवणारं औषध पडलं असतं तर त्याचा चुरा झाला असता. साबण किंवा विष पडलं असतं तर खपल्या निघाल्या असत्या. सगळा पापुद्रा एका तुकड्यात फक्त मांडव सोडतो.

मी सही केली.

"आता उचलणार कोण?" डॉक्टर म्हणाले. "तळाला असता तर मी काढला असता. पण हा आक्रसलेला, गोल व्हायला बघतोय. माझ्याच्यानं हा सरळ व्हायचा नाही."

उत्तर सगळ्यांना माहीत होतं. असा पापुद्रा पातळ कागदावर झेलून सुरकुती न पडू देता पसरणारा हात संस्थेत एकच होता, आणि तो आत्ता मांडीवर पडून थरथरत होता.

वन्सं वहिनीकडे बघेना. वहिनी दारात उभी होती, वाट अडवून. कोणालाही वाटलं असतं, आता ही काही बाजूला होत नाही.

"उठा," वहिनी म्हणाली.

"माझा हात..."

"तुमचा हात मला नको आहे. मला माझा नवरा बघायला हवाय. उठा, वन्सं. आणि मी शेजारी उभी राहणार."

"तुझं कोपर लागेल मला."

"लागू दे."

हात थांबायला थोडा वेळ लागला. मग थांबला. वहिनीनं द्रव गार ठेवला, वन्संनं कागद खाली सरकवला. दोघींची डोकी एकमेकींना टेकली होती आणि दोघींच्याही ते लक्षात आलं नव्हतं. पापुद्रा कागदावर आला, एक कड दुमडली, वन्संनं ती द्रवाच्या एका थेंबानं सोडवली.

"कोपर," ती म्हणाली.

"लागलं नाही."

"लागलं."

डॉक्टर कागद घेऊन निघून गेले.

९. पट्टी

कपाटाची किल्ली त्याच दिवशी वन्संकडून माझ्याकडे आली. ती पुन्हा कधी परत जाईल हे मी ठरवायचं आहे आणि मी अजून ठरवलेलं नाही. घरात काय झालं मला माहीत नाही. दादाला दोघींनी सगळं सांगितलं एवढं कळलं. दोघींनी, वेगवेगळं, आणि त्याला दोन्ही ऐकून घ्यावं लागलं.

पट्टी सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी मलाही बोलावलं. दादा उंच खुर्चीत बसला होता. वन्सं आणि वहिनी खोलीच्या दोन कोपऱ्यांत. डॉक्टरांनी पट्टीचा पहिला वेढा सोडला तेव्हा दोघी भिंतीपाशी होत्या. शेवटचा वेढा सोडला तोवर दोघी खुर्चीसमोर आल्या होत्या, आणि त्या कशा आल्या हे मी सांगू शकत नाही, मी बघत असूनही.

डॉक्टरांनी उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला. "क्रेनबिन पुढचं पुढे. आधी मला एवढंच सांगा, या डोळ्यानं काही दिसतंय का?"

दादानं डोळा किलकिला केला. पाणी आलं. त्यानं ते गालावरून ओघळू दिलं.

"दोन आहेत," तो म्हणाला.

"दोन काय?"

"बायका. एकमेकींना ढकलतायत."

"मी नाही ढकलत," वहिनी म्हणाली.

"मग मी ढकलतेय का?" वन्सं म्हणाली. "दादा, पुढे कोण आहे सांग. नीट बघून सांग."

त्यानं बघितलं. बराच वेळ, अगदी नीट, जसं अपघातानंतर त्याला कशाकडेच बघता आलं नव्हतं.

"दोघी बाजूला व्हा बघू," तो म्हणाला. "उजेड अडवताय."